मृत पक्षी कोणाचा? : गाणाऱ्या पक्ष्यांचे जतन आणि आपला कायदा

शाळेच्या आवारात मरून पडलेला बुलबुल एखाद्या विद्यार्थ्याने उचलला, घरी नेला आणि आत कापूस भरून खोक्यात जपून ठेवला, तर त्याने कायद्याचा भंग केला काय? हा प्रश्न मी गेल्या वर्षभरात अनेक सुशिक्षित गृहस्थांना विचारून पाहिला. बहुतेकांनी हसून ‘छे!’ असे उत्तर दिले. मुलाने पक्षी मारला नाही, पिंजऱ्यात कोंडला नाही, विकला नाही. जे मुंग्यांच्या वाट्याला जाणार होते ते त्याने जपले, यात अपराध कसला, असा त्यांचा सरळ सवाल होता. सवाल सरळ असला तरी उत्तर तसे नाही. आपल्या देशातील कायद्याप्रमाणे मृतावस्थेत सापडलेला तो बुलबुल शासनाच्या मालकीचा आहे, आणि 48 तासांत त्याची वर्दी न देता तो जवळ बाळगणे हे दंडनीय कृत्य आहे.

ज्या सरांच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्यांनी मुलांच्या कित्येक पिढ्यांना जीवशास्त्र शिकविले आणि पुस्तकातून डोके वर काढून झाडाकडे पाहावयास लावले. त्यांच्याही आधीपासून प्रयोगशाळेत एक काचेचे कपाट आहे. त्यात पेंढा भरलेले नऊ पक्षी, सुगरणीची तीन घरटी आणि भुशात ठेवलेली काही अंडी आहेत. या कपाटाचे काय करावे, असे व्यवस्थापक मंडळाने मला विचारले; एका ओळीचे उत्तर पुरेना, म्हणून हा विषय घेतला. मी कायद्याचा विद्यार्थी आहे. पक्ष्यांविषयी जे काही सांगेन ते जाणकारांकडून शिकलेले आहे.

प्रथम ‘गाणारे पक्षी’ म्हणजे कोण ते पाहू. ही केवळ कवींची वर्गवारी नाही. पक्ष्यांची श्वासनलिका जेथे दुभंगते तेथे त्यांचे स्वरयंत्र असते. या यंत्राचे स्नायू ज्यांच्यात विशेष विकसित झालेले आहेत, त्या कुळांना पक्षिशास्त्र गायक पक्षी म्हणते. दयाळ, बुलबुल, चंडोल, हळद्या, शिंजीर, शिंपी, नाचण, सुगरण ही मंडळी त्यात आलीच. मराठीत ज्याला स्वर्गीय नर्तक म्हणतात तो दूधराज मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी आहे. तोही याच गणातला. ऐकून नवल वाटेल, पण आपला घरकावळाही शरीररचनेने गायकच ठरतो आणि कोकिळ मात्र ठरत नाही. शास्त्राने येथे कविकुळाची मोठीच पंचाईत केली आहे.

आता कायदा. या विषयातील मूळ कायदा म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972. तो पुढे अनेकदा सुधारला गेला. त्यांपैकी 1991 ची आणि 2022 ची दुरुस्ती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची. पहिलीने खेळ म्हणून केल्या जाणाऱ्या शिकारीचे उरलेसुरले परवाने संपविले. दुसरी 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आली. तिने अनुसूचींची फेरमांडणी केली आणि वन्य प्राण्यांना पहिल्या व दुसऱ्या अशा दोन अनुसूचींत बसविले. आपल्या बागेतील बहुतेक लहान गाणारे पक्षी पूर्वी चौथ्या अनुसूचीत होते. ते आता सामान्यतः दुसरीत सापडतात.

या अधिनियमात ‘ट्रॉफी’ अशी एक संज्ञा आहे. शब्द ऐकताच दिवाणखान्याच्या भिंतीवरचे वाघाचे मुंडके डोळ्यांपुढे येते. वस्तुतः दुसऱ्या कलमातील व्याख्या बरीच व्यापक आहे. कोणत्याही वन्य प्राण्याचे सगळे शरीर अथवा त्याचा कोणताही भाग, कृत्रिम वा नैसर्गिक अशा कोणत्याही उपायाने जपून ठेवला की तो ट्रॉफी झाला. पेंढा भरलेला नमुना त्यात येतो. पिसे, अंडी आणि घरटीही येतात. जपण्याची प्रक्रिया अद्याप न झालेल्या, म्हणजे नुसत्याच मेलेल्या पक्ष्यालाही कायद्याने वेगळे नाव देऊन आत घेतले आहे. तेव्हा चंडोल केवढासा आणि वाघ केवढा, हा युक्तिवाद येथे चालत नाही. फरक पडतो तो शिक्षेत. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान 25,000 रुपये दंड. इतरांसाठी सामान्यतः तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा एक लाखाचा आकडा 2022 च्या दुरुस्तीतला. तत्पूर्वी तो 25,000 होता.

खरे मर्म मात्र 39 व्या कलमात आहे. कायदा मोडून मारलेला वन्य प्राणी शासनाची मालमत्ता होतो, हे कोणालाही पटेल. परंतु त्याच वाक्यात ‘मृत आढळलेला’ आणि ‘चुकीने मारला गेलेला’ प्राणीही घातला आहे. अशी मालमत्ता ज्याच्या हाती येईल त्याने 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत वनाधिकाऱ्याकडे वर्दी द्यावयाची आणि मागितल्यास ती स्वाधीन करावयाची. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीवाचून ती जवळ ठेवता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. हे शेवटचे क्रियापद वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

याला 57 वे कलम जोडून वाचावे लागते. एरवी फौजदारी कायद्यात आरोपीचा अपराध सरकार पक्षाने सिद्ध करावयाचा असतो. येथे ट्रॉफी एखाद्याच्या ताब्यात होती एवढे सिद्ध झाले, की तो ताबा बेकायदेशीर असल्याचे गृहीत धरले जाते आणि तसे नसल्याचे दाखविण्याचा भार त्या मनुष्यावर येतो. वकील म्हणून मला असे उलटे भार सहसा रुचत नाहीत. या एका ठिकाणी मात्र त्याचे कारण मला पटते. मृत पक्षी साक्ष देत नाही. बेचकीच्या खड्याने पडलेला शिंजीर, काचेच्या तावदानावर आपटून पडलेला शिंजीर आणि संक्रांतीच्या मांजात अडकून मेलेला शिंजीर, तिघेही महिन्याभरात खोक्यात सारखेच दिसतात. ‘मला सापडला’ एवढे सांगणे पुरेसे मानले असते, तर फासेपारध्यापासून दुकानदारापर्यंत प्रत्येकालाच पक्षी सापडू लागले असते. ज्या वस्तूच्या उगमाचा छडा लागत नाही तिच्यावर व्यक्तीची मालकीच मान्य करावयाची नाही, असा मार्ग आपल्या विधिमंडळाने पत्करला.

इतर देशांनी हाच पेच वेगळ्या तऱ्हेने सोडविला आहे. ब्रिटनमधील 1981 चा कायदा मृत वन्य पक्षी बाळगणे हा अपराधच मानतो; परंतु तो पक्षी कायदा मोडून मारलेला नव्हता असे बाळगणाऱ्याने दाखविले तर त्याची सुटका होते. अमेरिकेचा 1918 चा स्थलांतरी पक्ष्यांविषयीचा कायदा अधिक कडक आहे. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आपल्या एखाद्या मराठी कुटुंबातील नातवाने अंगणात पडलेले कार्डिनल पक्ष्याचे तांबडे पीस वहीत जपून ठेवले, तरी अक्षरशः पाहू जाता त्याला परवाना हवा. आपला कायदा या दोहोंच्या मधला म्हणता येईल. वर्दी द्या, परवानगी मागा, मिळाली तर ठेवा, असे तो सांगतो. तक्रार करावयाची तर ही वाट सामान्य माणसाला कोणी दाखवीत नाही, याची करावी.

कायदा बदलला की मृत पक्ष्याची मालकी कशी बदलते, याचे उदाहरण आपल्याच शहरात घडले आहे. डिसेंबर 2020 च्या अखेरीस डेली कॉलेजच्या परिसरात कावळे मरून पडू लागले. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत नमुने तपासले गेले आणि पक्षिज्वराचा एच 5 एन 8 हा विषाणू आढळला. पुढच्या काही दिवसांत मध्य प्रदेशाच्या इतर जिल्ह्यांतूनही कावळ्यांच्या मरणाच्या बातम्या आल्या. त्या वेळी घरकावळा उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता आणि 39 वे कलम उपद्रवी प्राण्यांना वगळते. अर्थात जानेवारी 2021 मध्ये इंदूरच्या रस्त्यावर मरून पडलेला कावळा या कायद्याच्या दृष्टीने कोणाचाच नव्हता. पुढे 2022 च्या दुरुस्तीने पाचवी अनुसूचीच काढून टाकली आणि घरकावळा दुसऱ्या अनुसूचीत आला. पितृपक्षात ज्याची आपण आर्जवे करतो आणि एरवी ज्याला हाकलतो, तो कावळा आता मेल्यावर शासनाचा असतो.

त्या प्रसंगातून आणखी एक गोष्ट ध्यानी यावी. मेलेला पक्षी हाती घेणे हा कायद्याइतकाच आरोग्याचाही प्रश्न आहे. एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले दिसले तर मुलांना दूर ठेवून पशुवैद्यकीय विभागाला आणि वनखात्याला कळविणे, एवढेच आपले काम. त्यांना हात लावणे, पुरणे किंवा जाळणे हे प्रशिक्षित माणसांवर सोडावे.

मोरपिसाविषयी हमखास विचारले जाते, म्हणून सांगतो. मोर राष्ट्रीय पक्षी असून पहिल्या अनुसूचीत आहे. तथापि त्याच्या शेपटीच्या पिसांना हस्तांतरणाच्या आणि व्यापाराच्या निर्बंधांतून कायद्याने स्पष्टपणे वगळले आहे. मोर दरसाल ती पिसे टाकतो आणि देवघरापासून मुरलीधराच्या मुकुटापर्यंत त्यांचा वापर आहे, हे ओळखून ही सवलत दिली गेली. मोरासाठी मोर मारल्याचे प्रकार घडतात, म्हणून ती काढून घ्यावी असेही म्हटले जाते. ती सवलत इतर पिसांना नाही. सुगरणीच्या घरट्याचेही तसेच. वादळात बाभळीवरून खाली आलेले रिकामे घरटे शाळेत आणले म्हणून कोणी तुरुंगात गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि जाऊही नये. परंतु व्याख्येत घरटे आहे, आणि अंडी किंवा घरटे यांना उपद्रव देणे हे ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच बसविले आहे. म्हणून ‘सर्वांत सुंदर घरटे आणा’ अशी स्पर्धा शाळेने भरवू नये. दहा मुले पडलेली घरटी आणतील आणि अकरावा झाडावर चढेल.

येथवर वाचून कोणास वाटेल की पक्षी जपून ठेवणे हीच मुळी एक विकृती आहे. तसे मुळीच नाही. भारतीय पक्षिशास्त्राची सारी इमारत मृत पक्ष्यांच्या कातड्यांवर उभी आहे, आणि तिच्या काही विटा आपल्या परिसरातल्या आहेत. महूच्या छावणीत असलेले लष्करी अधिकारी चार्ल्स स्विन्हो यांनी बार्न्स नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या साहाय्याने मध्य भारतातील पक्ष्यांवर लिहिलेला निबंध 1885 साली ‘आयबिस’ या लंडनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे स्विन्हो 1883 साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी एक. 1885 सालीच अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी सिमल्यातील आपला सुमारे 82,000 कातड्यांचा व अंड्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. मुंबईत 1908 साली एका शाळकरी मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहून तो चक्रावला आणि मामांची चिठ्ठी घेऊन सोसायटीच्या दारात उभा राहिला. तेथील सचिव मिलर्ड यांनी त्याला कपाटे उघडून भरलेले पक्षी दाखविले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. याच सालिम अलींनी पुढे ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ या संस्थानांच्या मुलुखातील पक्ष्यांची पाहणी केली आणि 1939-40 मध्ये तिचा वृत्तान्त सोसायटीच्या नियतकालिकातून आला. आज एखाद्या मुलाने तशीच चिमणी पाडून संग्रहालयात नेली, तर पक्षिशास्त्रज्ञ भेटण्याआधी त्याला वनरक्षक भेटेल. यात काही गमावले आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अर्थात त्या काळच्या बंदुका आणि आजचे उरलेले रान यांचे प्रमाणही पाहिले पाहिजे.

त्या काळी कायदे नव्हते असेही नाही. 1887 सालच्या कायद्याने विणीच्या हंगामात वन्य पक्ष्यांच्या विक्रीवर काही ठिकाणी बंधने घातली. विलायतेतील स्त्रियांच्या टोप्यांसाठी येथील पक्ष्यांची पिसे गाड्याच्या गाड्या जात, म्हणून 1902 साली सरकारने पिसांच्या व कातड्यांच्या निर्यातीलाच बंदी केली; अपवाद केला तो शहामृगाच्या पिसांचा आणि निसर्गशास्त्राचे खरेखुरे नमुने म्हणून पाठविल्या जाणाऱ्या वस्तूंचा. पुढे 1912 चा कायदा आला. शास्त्रीय नमुना आणि शोभेची वस्तू यांत कायद्याने भेद करण्याची रीत अशी शंभर वर्षांहून जुनी आहे. आजच्या अधिनियमातही ती 12 व्या कलमात टिकून आहे. शिक्षण, शास्त्रीय संशोधन आणि संग्रहालयासाठी नमुने गोळा करणे या कारणांसाठी मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेशाने परवाना देऊ शकतात.

हा भेद ओळखावयाचा कशावरून? माझ्या मते चिठ्ठीवरून. शास्त्रीय नमुना करणारा मनुष्य पोटाला लहानशी चीर देऊन कातडे सोडवितो, कवटी आतून रिकामी करतो, कापूस भरून शिवतो, पंख अंगाशी मिटवून पक्षी उताणा ठेवतो. दिसावयास ती वस्तू मोठीशी शोभिवंत नसते. शरीर उघडले असता नर की मादी ते पाहून तो लिहून ठेवतो आणि दिनांक, गाव व स्वतःचे नाव यांसह ती चिठ्ठी पायाला बांधतो. चिठ्ठी तुटली की उरते ते नुसते कलेवर. मुंबईत सोसायटीच्या संग्रहातील हजारो पक्ष्यांना मोल आहे ते त्या बोटभर कागदांमुळे.

अशा चिठ्ठ्यांतून काय वाचता येते, याचे एक सुंदर उदाहरण 2017 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. शिकागोतील दोन तरुण अभ्यासकांनी तेथील कारखानदारी पट्ट्यात 135 वर्षांच्या काळात गोळा केलेली तेराशेहून अधिक पक्ष्यांची कातडी तपासली. त्यात चंडोलाच्या कुळातला एक पक्षीही होता. कोणत्या साली मारलेल्या पक्ष्याच्या पोटाची पांढरी पिसे किती काळवंडली आहेत हे मोजून त्यांनी हवेतील काजळीचा इतिहास लिहिला; जेव्हा हवा मोजणारी यंत्रेच नव्हती त्या दशकांचा. हे वाचताना मला मालवा मिल आणि हुकुमचंद मिल आठवल्या. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली. तिची धुराडी भरात असताना परदेशीपुऱ्यातल्या छपरांवर बसणाऱ्या पाचपंचवीस चिमण्या कोणी तारीखवार जपल्या असत्या, तर त्या धुराची साक्ष आज काढता आली असती.

चिठ्ठी खोटी असली तर काय अनर्थ होतो, तेही सांगितले पाहिजे. यासाठी गायक पक्षी सोडून एका पिंगळ्याकडे वळतो. कारण ही कथा आपल्या शेजारच्या खानदेशातली आहे. रानपिंगळ्याचे वर्णन ह्यूम यांनी 1873 साली केले. खानदेशात सनदी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहाद्याच्या बाजूला त्याचे नमुने मिळविले आणि 1884 नंतर तो पक्षी कोणाच्या हाती लागला नाही. एकच अपवाद होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ख्यातनाम इंग्रज संग्राहकाच्या संग्रहात 1914 साली गुजरातेतील मांडवीस मिळविलेला म्हणून एक रानपिंगळा होता. शोध घेणारे त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवीत राहिले. अमेरिकेच्या पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने पाहिला. हा मूळचा डेव्हिडसनचा पक्षी. संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्याला बनावट चिठ्ठी बांधलेली होती. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे धरून शोध घेतला आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत, झाडावर बसलेला पाहिला. 113 वर्षांनी! पुढे तो मेळघाटात आणि आपल्या खंडवा-बऱ्हाणपूरकडच्या रानांतही आढळला. एका खोट्या चिठ्ठीने माणसे चुकीच्या रानात शोधत राहिली. खऱ्या चिठ्ठ्यांनी ती पक्ष्यापर्यंत पोहोचली.

शास्त्राला जो कागद हवा तोच कायद्यालाही हवा आहे. ताब्याविषयीचे गृहीतक खोडून काढावयाचे तर पक्षी कोठून, केव्हा आणि कोणाकडून आला हे दाखवावे लागते. आता आपल्या कपाटाकडे येऊ. नऊ पक्ष्यांपैकी चारांच्या पायांना चिठ्ठ्या आहेत आणि त्यांवरील साले 1972 पूर्वीची आहेत. शाळेच्या जुन्या डेडस्टॉक रजिस्टरात (हे नाव येथे किती चपखल बसले आहे!) त्यांच्या खरेदीची नोंदही आहे. हा अधिनियम लागू झाला तेव्हा अशा वस्तूंची 30 दिवसांत घोषणा करण्याची अट होती; परंतु ती पहिल्या अनुसूचीतील आणि दुसऱ्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागातील प्राण्यांपुरती. बुलबुल, दयाळ, हळद्या त्यात नव्हते. 2003 साली 180 दिवसांची जी शेवटची मुदत देण्यात आली तीही अशाच मोठ्या संरक्षणाच्या प्राण्यांसाठी होती. तेव्हा हे चार पक्षी कायदा मोडून मारलेले नाहीत आणि शाळेने काही घोषणा चुकविली असेही नाही. माझ्या मते त्यांचा ताबा निर्दोष आहे, आणि रजिस्टराचे ते पान हीच त्याची ढाल आहे. त्या पानाची प्रमाणित प्रत करून ठेवावी. मूळ वही वाळवीच्या स्वाधीन करू नये.

उरलेल्या पाचांना चिठ्ठ्या नाहीत. त्यांत एक शिंजीर आहे आणि एक दूधराज, पांढऱ्या लांब शेपटीचा. ते कधी आले, कोणी आणले, हे सांगू शकणारे शिक्षक आता हयात नाहीत. मंडळातील एका सद्गृहस्थांनी सुचविले की हे पाच पक्षी आणि अंडी गुपचूप जाळून टाकावीत, म्हणजे प्रश्नच मिटेल. हेतू चांगला असला तरी हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. वर सांगितलेले क्रियापद आठवावे: शासनाची मालमत्ता परवानगीवाचून नष्ट करणे हेही त्याच कलमाने निषिद्ध आहे. शिवाय राज्यपक्ष्याचा नमुना शाळेने रात्री अंगणात जाळला, हे मुलांना कळल्यावाचून राहील काय?

योग्य मार्ग उघड्यावर चालण्याचा आहे. शाळेने इंदूरच्या वनमंडलाधिकाऱ्यांना पत्र लिहावे, त्यांच्यामार्फत भोपाळला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करावा, नऊही पक्ष्यांची, घरट्यांची व अंड्यांची यादी जोडावी. कोणते कागद आहेत आणि कोणते नाहीत ते लपवू नये. शिक्षणासाठी ठेवण्याची परवानगी मागावी; न मिळाल्यास वस्तू स्वाधीन करून पावती घ्यावी. परवानगी मिळेलच असे आश्वासन मी देऊ शकत नाही. परंतु स्वतःहून वर्दी देणाऱ्या शाळेकडे आणि झडतीत सापडलेल्या शाळेकडे कोणताही अधिकारी एकाच नजरेने पाहत नाही.

यापुढे नवा नमुना करावयाचा झाल्यास त्यालाही कायदेशीर वाट आहे. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2009 साली वन्य प्राण्यांच्या चर्मपूरणाचे केंद्र सुरू झाले. ते उभारणारे डॉ. संतोष गायकवाड परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्राचे अध्यापक. त्यांची सुरुवात पक्ष्यांपासूनच झाली. नैसर्गिक रीतीने मेलेला प्राणी, वनखात्याची परवानगी आणि मग कारागिरी, असा तेथील क्रम आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांनी यूट्यूबवर पाहून पक्षी सोलण्याचा प्रयोग करणे मात्र कोणत्याच कलमात बसत नाही.

एक सूचना तातडीची आहे, आणि तिचा कायद्याशी संबंध नाही. जुने चर्मकार कातड्याला कीड लागू नये म्हणून आतून सोमलाचा साबण चोळीत. फ्रान्समधील बेकर नावाच्या औषधविक्याने अठराव्या शतकात तो शोधला आणि पुढे दोनशे वर्षे जगभर चालला. सोमल उडून जात नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पक्ष्याच्या पिसांवर दिसणारी पांढरी भुकटी धूळ म्हणून फुंकू नये, फडक्याने झटकू नये; विशेषतः मुलांकडून तर नाहीच. तपासणी होईपर्यंत कपाटाला कुलूप असावे, किल्ली प्रयोगशाळा-सहायकाऐवजी मुख्याध्यापकांकडे असावी आणि उघडणाऱ्याने हातमोजे व मुखपट्टी वापरावी. चिठ्ठ्या वाचावयाच्या असतील तर काचेतून वाचाव्यात. त्यांची अक्षरे अजून स्पष्ट आहेत.

अर्जाचा मसुदा मी मुख्याध्यापकांच्या स्वाधीन केला आहे. त्याला जोडावयाच्या यादीसाठी नववीच्या विद्यार्थ्यांनी काचेबाहेरून प्रत्येक पक्ष्याचे छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी धरावी आणि ज्याला चिठ्ठी नाही त्याच्या रकान्यात ‘दिनांक व स्थळ अज्ञात’ असे स्वच्छ अक्षरात लिहावे. दूधराजापासून आरंभ केलेला बरा. त्याची शेपटी मोडू लागली आहे.